कादंबरीकाराने चित्रपटनिर्माता व्हायचे असेल तर

आपल्या कादंबरीवर चित्रपट व्हावा आणि तो आपल्याच हातून व्हावा, अशी इच्छा अनेक मराठी लेखकांच्या मनात असते. ही इच्छा गैर नाही आणि अशक्यही नाही. मात्र लेखक आणि निर्माता ही दोन कामे एकाच माणसाने करताना ती कोणत्या क्रमाने करायची आणि कागदोपत्री एकमेकांपासून कशी वेगळी ठेवायची, हे आधी ठरवले नाही, तर चित्रपट अडतो आणि पुढची कादंबरीही लिहून होत नाही. हे मार्गदर्शन ज्यांची किमान एक कादंबरी प्रकाशित झालेली आहे किंवा होण्याच्या बेतात आहे, आणि ज्यांना केवळ हक्क विकून मोकळे न होता निर्मितीची जबाबदारी स्वतः घ्यायची आहे, अशांसाठी आहे.

मराठीत ही वाट नवी नाही. आचार्य अत्रे यांनी नाटके, कादंबऱ्या, कविता आणि वृत्तपत्रलेखन करत असतानाच चित्रपटांची निर्मिती केली. १९५३ साली त्यांनी निर्माण आणि दिग्दर्शित केलेल्या ‘श्यामची आई’ला पुढच्या वर्षी राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हाताशी स्वतःचे विपुल लेखन असूनही अत्र्यांनी या चित्रपटासाठी साने गुरुजींचे पुस्तक निवडले. कवी रामदास फुटाणे यांनी १९७५ साली ‘सामना’ची निर्मिती केली तेव्हा लेखन विजय तेंडुलकरांचे होते आणि दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचे. तो चित्रपट त्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. तेव्हा लेखक निर्माता झाला म्हणून त्याने स्वतःचीच कथा घ्यायला हवी, असे मुळीच नाही. चांगली कथा ओळखण्याची नजर हेच लेखकाचे निर्माता म्हणून पहिले भांडवल आहे, आणि पहिला चित्रपट दुसऱ्याच्या कथेवर केला तर ती नजर अधिक स्वच्छ राहते, असे माझे मत आहे.

कादंबरी आधी, कादंबरी म्हणूनच

पडद्यावर कसे दिसेल याचा विचार करत लिहिलेली कादंबरी बहुधा ना धड कादंबरी होते, ना धड पटकथा. म्हणून कादंबरी लिहीत असताना चित्रपटाचा खर्च, नट, लोकेशन यांपैकी काहीही डोक्यात येऊ देऊ नये. पूर आणायचा असेल तर पूर आणावा, शंभर वर्षांचा काळ घ्यायचा असेल तर तो घ्यावा. पुस्तक वाचकांपर्यंत पोहोचू द्यावे, त्यावर परीक्षणे येऊ द्यावीत, वाचकांची पत्रे येऊ द्यावीत. कोणते पात्र लोकांच्या मनात राहिले आणि कोणते प्रकरण त्यांनी घाईने उलटले, ही माहिती पुढे पटकथेच्या वेळी फार उपयोगी पडते.

कादंबरीच्या उत्पन्नाबद्दलही भ्रम नसावा. तीनशे रुपये किमतीच्या पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती पूर्ण खपली आणि मानधन दहा टक्के ठरलेले असेल, तर लेखकाला तीस हजार रुपये मिळतात. या रकमेतून चित्रपटाच्या एका दिवसाचे चित्रीकरणही सहसा भागत नाही. कादंबरीतून चित्रपटाला भांडवल मिळत नाही. मिळते ती हक्कांची मालकी, आणि तिचे मोल करारातल्या शब्दांवर ठरते.

प्रकाशकाशी होणाऱ्या करारात काय पाहावे

प्रकाशकाच्या छापील करारनाम्यात पुस्तकरूपाच्या हक्कांबरोबर भाषांतर, नाट्यरूपांतर, चित्रपट, मालिका आणि ध्वनिपुस्तक यांचाही उल्लेख अनेकदा एकाच कलमात केलेला असतो. असे कलम असल्यास ते वेगळे करून घ्यावे आणि दृकश्राव्य रूपांतराचे सर्व हक्क लेखकाकडे राहतील, असे स्पष्ट लिहून घ्यावे. प्रकाशकाला त्यात वाटा हवा असेल तर उत्पन्नाची ठरावीक टक्केवारी द्यायला हरकत नाही, परंतु निर्णयाचा अधिकार देऊ नये.

कॉपीराइट कायदा, १९५७ मधील काही तरतुदी प्रत्येक लेखकाला पाठ असाव्यात. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असल्याशिवाय ग्राह्य धरले जात नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची समजली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हस्तांतरण भारतापुरते मर्यादित मानले जाते. हक्क घेणाऱ्याने ते एका वर्षात वापरले नाहीत आणि करारात वेगळे काही नमूद नसेल, तर ते हक्क लेखकाकडे परत येतात. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली. चित्रपटात वापरल्या गेलेल्या साहित्याचा चित्रपटगृहाबाहेर कोठेही उपयोग झाला, तर त्याच्या मानधनात लेखकाचा समान वाटा राहतो, आणि हा वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी यांच्याखेरीज कोणालाही देऊन टाकता येत नाही.

दुसऱ्या लेखकाची कादंबरी घेताना हेच नियम उलट बाजूने तुम्हाला लागू होतात. लेखक हयात नसेल तर त्याच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत हक्क वारसांकडे असतात, आणि ही साठ वर्षे निधनाच्या पुढच्या वर्षापासून मोजली जातात. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेले लेखन २०११ पासून सर्वांना खुले आहे. वारस अनेक असतील तर प्रत्येकाची स्वाक्षरी घ्यावी. एखादा पुतण्या किंवा परदेशी गेलेली मुलगी राहून गेली, तर प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात नोटीस येऊ शकते.

स्वतःशीच करार

येथे बहुतेक लेखक हसतात, पण हा भाग टाळू नये. निर्मितीसाठी वेगळी संस्था स्थापन करावी. ती मर्यादित दायित्व भागीदारी (एलएलपी) असो की खासगी मर्यादित कंपनी, हे सनदी लेखापालाच्या सल्ल्याने ठरवावे. तिचे बँक खाते, जीएसटी क्रमांक आणि करकपातीसाठी लागणारा टॅन क्रमांक स्वतंत्र असावा. त्यानंतर कादंबरीकार म्हणून तुम्ही या संस्थेला कादंबरीचे चित्रपटहक्क लेखी कराराने द्यावेत, तेही ठरावीक मुदतीसाठी आणि ठरावीक मोबदल्यात, मग तो मोबदला कितीही लहान असो.

याची कारणे दोन आहेत. पैसे गुंतवणारा, दूरचित्रवाहिनी किंवा ओटीटी कंपनी सर्वांत आधी हक्कांची साखळी मागते. लेखकापासून निर्मात्यापर्यंत प्रत्येक टप्प्याचा कागद तिला हवा असतो, आणि ‘लेखक मीच आहे’ हे तोंडी उत्तर तेथे चालत नाही. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. निर्मितीसंस्थेत पुढे भागीदार येतात, मतभेद होतात, संस्था कर्जात जाते. कादंबरीचे हक्क मुदतीशिवाय संस्थेच्या नावावर गेलेले असतील, तर स्वतःच्याच कादंबरीवर पुन्हा काही करण्यासाठी लेखकाला भागीदाराची परवानगी मागावी लागते. म्हणून सुरुवातीला दोन वर्षांचा पर्यायकरार करावा. त्या काळात पैसा उभा राहिला आणि चित्रीकरण सुरू झाले तर हक्क संस्थेकडे जावेत, नाहीतर आपोआप परत यावेत. पुढील भाग, मालिका, नाटक आणि इतर भाषांतील रूपांतर यांचे हक्क मात्र प्रत्येकी वेगळे ठेवावेत.

पटकथा कोणी लिहावी

कादंबरीकाराने स्वतः पटकथा लिहू नये, असा सरसकट नियम करता येणार नाही. तरी पहिल्या चित्रपटासाठी तरी दुसऱ्या पटकथाकाराला बरोबर घ्यावे, असा माझा आग्रह आहे. ज्याने एखादे वाक्य लिहिण्यासाठी महिना घालवला आहे, त्याला ते वाक्य ज्या प्रसंगात आहे तो प्रसंगच काढून टाकणे जड जाते. ‘सिंहासन’ (१९७९) हा चित्रपट अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवर आधारलेला आहे आणि त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची आहे. दोन कादंबऱ्यांमधील माणसे आणि घटना एका चित्रपटाच्या वेळात बसवायच्या, तर काय ठेवायचे याइतकेच काय सोडायचे हे कठोरपणे ठरवणारा हात लागतो.

पटकथाकाराशीही लेखी करार करावा. मानधन टप्प्याटप्प्याने द्यावे, कथा, पटकथा आणि संवाद यांचे श्रेय कोणाला हे लिहून ठेवावे, आणि किती खर्डे अपेक्षित आहेत तेही नमूद करावे. प्रत्येक खर्डा मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवावा. या नोंदणीने कॉपीराइट निर्माण होत नाही, तो लिहिताक्षणीच निर्माण झालेला असतो. परंतु अमुक तारखेला हे लेखन या स्वरूपात अस्तित्वात होते, याचा पुरावा तिच्यामुळे हाती राहतो.

एका वाक्याचा खर्च

लेखक असलेल्या निर्मात्याचा खरा उपयोग होतो तो ब्रेकडाऊनच्या वेळी. पटकथेतील प्रत्येक दृश्य घेऊन त्यात कोण, कोठे, कोणत्या वेळी, कोणत्या वस्तूंसह आहे याची नोंद करणे म्हणजे ब्रेकडाऊन, आणि त्यावरच शेड्यूल आणि अंदाजपत्रक उभे राहते. उदाहरणादाखल एक वाक्य घेऊ: ‘भर पावसात आठवडी बाजार उठला आणि ओढ्याला पूर आल्यामुळे बैलगाड्यांसह सगळा गाव अलीकडच्या काठावर रात्रभर अडकून पडला.’ कादंबरीत यासाठी लेखकाला काहीही मोजावे लागत नाही.

आता हेच वाक्य प्रॉडक्शन मॅनेजरच्या वहीत कसे उतरते ते पाहावे. रात्रीचे चित्रीकरण, म्हणजे दिव्यांची संख्या वाढते, दिवे उंचावर बांधण्यासाठी क्रेन लागते आणि जनरेटर व्हॅनचा भार वाढतो. नैसर्गिक पावसावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून पावसाचे पाइप आणि पाण्याचे टँकर आले. जवळ विहीर नसेल तर टँकरच्या फेऱ्या आल्या. शंभर ज्युनियर आर्टिस्ट म्हणजे शंभर जणांची ने-आण, जेवण, वेशभूषा आणि भिजल्यावर बदलायला कपड्यांचे दुसरे जोड. बैल आले की प्राणी कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी आली. पावसाच्या पाइपांच्या आवाजात संवाद स्वच्छ मिळत नाहीत, म्हणून डबिंगचा खर्च वाढला. पूर प्रत्यक्ष दाखवायचा तर व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावर तयार केलेली दृश्ये, आणि खऱ्या ओढ्याकाठी रात्री शंभर माणसे उभी करायची तर सुरक्षेची जबाबदारी. इतके करूनही एका रात्रीत दृश्य पूर्ण होईलच असे नाही.

केवळ आकडे पाहणारा निर्माता येथे दृश्य काढून टाका म्हणेल, आणि केवळ लेखक असलेला माणूस ते जसेच्या तसे हवे म्हणून अडून बसेल. जो दोन्ही आहे त्याने स्वतःला विचारावे की हे दृश्य कादंबरीत कशासाठी आले होते. समजा, एरवी एकमेकांच्या ओट्यावर न बसणारी दोन घरे त्या रात्री एका आडोशाला बसतात, हा त्याचा गाभा आहे. तसे असेल तर पहाटेच्या वेळी शाळेच्या ओसरीत दाटीवाटीने बसलेली भिजलेली पंधरा-वीस माणसे, जुवाशिवाय उभी असलेली एक गाडी आणि पडद्याबाहेरून येणारा पाण्याचा आवाज एवढ्यावर तो गाभा पूर्णपणे उभा राहतो. क्रेन गेली, टँकर गेले, बैल गेले, रात्रीची शिफ्ट गेली, आणि दृश्य दुबळे न होता उलट अधिक एकवटले. प्रत्येक खर्चिक दृश्यासाठी हा व्यायाम दिग्दर्शक आणि छायालेखक यांच्यासमवेत करावा. तो पूर्ण होईपर्यंत कलाकारांच्या तारखा घेऊ नयेत.

परवानग्या

कादंबरीचे नाव चित्रपटालाही आपोआप मिळेल असे समजू नये. केवळ शीर्षकावर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केले आहे. त्यामुळे तुमच्या पुस्तकाचे नाव दुसऱ्या कोणी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे किंवा इम्पासारख्या निर्मात्यांच्या संघटनेकडे आधीच नोंदवलेले असू शकते. पर्यायकरार झाल्याबरोबर शीर्षकाची नोंदणी करून टाकावी.

कथेत लहान मुले असतील, आणि मराठी कथांत ती फार वेळा असतात, तर बालकामगार कायद्याखालील नियमांचा अभ्यास शेड्यूल आखण्यापूर्वीच करावा. जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, मुलाकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, आणि त्याच्या उत्पन्नाचा किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. मुख्य भूमिका मुलाची असेल तर या नियमांमुळे चित्रीकरणाचे दिवस वाढतात. ही वाढ अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरावी, कारण ऐन वेळी तिची झळ त्या मुलालाच बसते.

पात्र विडी ओढत असेल तर त्या दृश्यावर आरोग्यविषयक इशारा, आणि चित्रपटाच्या आरंभी व मध्यंतरानंतर ठरावीक लांबीची सूचना दाखवावी लागते. चित्रीकरणाच्या स्थळांसाठी महाराष्ट्रात फिल्म सेलची एक खिडकी व्यवस्था आहे, गोव्यात एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा हे काम पाहते. सेन्सॉर बोर्डाच्या प्रमाणपत्राबाबत २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर ‘यूए’ (पालकांच्या मार्गदर्शनाखाली मुलांना पाहता येणारा चित्रपट) या वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. ‘ए’ (केवळ प्रौढांसाठी) प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट दूरचित्रवाणीवर तसाच दाखवता येत नाही, म्हणून त्याचे उपग्रह हक्क, म्हणजे दूरचित्रवाहिनीवर दाखवण्याचे हक्क, विकणे अवघड होते. कादंबरीत सहज खपलेली भाषा पडद्यावर ठेवायची की नाही, हा निर्णय या माहितीसह घ्यावा. ठेवायचीच असेल तर तिची किंमत ओळखून ठेवावी.

पैसा

राहते घर गहाण ठेवून पहिला चित्रपट करू नये, हे मी अत्यंत कळकळीने सांगतो. मराठी चित्रपटाचे उत्पन्न चित्रपटगृह, उपग्रह हक्क, ओटीटी, संगीत आणि परदेशातील खेळ अशा अनेक वाटांनी येते, पण यांपैकी एकही वाट आधीपासून हमखास नसते. अंदाजपत्रकात चित्रीकरणोत्तर कामे आणि प्रसिद्धी यांचा पैसा पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवावा आणि एकूण खर्चाच्या सुमारे दहा टक्के रक्कम अनपेक्षित गोष्टींसाठी राखावी. चित्रीकरण संपता संपता प्रसिद्धीचे पैसे संपलेले असणे, हे मराठीतले नेहमीचे दुखणे आहे.

राज्य शासन दर्जेदार मराठी चित्रपटांना अनुदान देते. चित्रपट पूर्ण झाल्यावर परीक्षण समिती तो पाहते आणि दर्जा ठरवते. नियम आणि रकमा वेळोवेळी बदलतात, म्हणून ताजा शासन निर्णय वाचावा, आणि हे अनुदान अंदाजपत्रकाच्या जमेच्या बाजूला कधीही धरू नये. ते मिळाले तर पुढच्या कामासाठी वापरावे.

सहनिर्माता शोधण्यासाठी गोव्यात इफ्फी या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या काळात भरणारा, २००७ पासून सुरू असलेला आणि आता वेव्हज फिल्म बाजार या नावाने ओळखला जाणारा मेळावा उपयोगी आहे. तेथे जाताना प्रकाशित कादंबरी, पटकथेचा पूर्ण खर्डा, दोन पानी सारांश, अंदाजपत्रक आणि हक्कांचे कागद एवढे बरोबर असावे. छापील पुस्तक हातात असणे हा तुमचा इतरांपेक्षा वेगळा फायदा आहे, कारण कथा लोकांनी वाचली आणि पसंत केली, हे दाखवायला तुमच्याकडे आवृत्त्या असतात.

प्रदर्शन, पुस्तक आणि पुढची कादंबरी

वितरकाशी बोलताना तो चित्रपट किमान हमी रक्कम (चित्रपट चालो न चालो, ठरलेली रक्कम) देऊन घेतो आहे की केवळ कमिशनवर, हे सर्वांत आधी विचारावे. कमिशनवर असेल तर जोखीम पूर्णपणे तुमची राहते. चित्रपटगृहाकडून निर्मात्याच्या बाजूला येणारा हिस्सा आठवड्यागणिक कमी होत जातो, त्यामुळे सावकाश चर्चा होऊन तिसऱ्या आठवड्यात भरणाऱ्या चित्रपटाला पहिल्या आठवड्याइतका पैसा मिळत नाही.

कादंबरीची नवी आवृत्ती प्रदर्शनाच्या निदान महिनाभर आधी दुकानांत असावी. मुखपृष्ठावर चित्रपटातील छायाचित्र वापरायचे असेल तर कलाकारांच्या करारात ती परवानगी आधीच घेतलेली असावी. वाचनालयांना आणि पुस्तकप्रेमी मंडळांना लेखक म्हणून भेट द्यावी. तेथे निर्माता म्हणून तिकिटे विकत बसू नये, पुस्तकावर बोलावे. चित्रपटाला येणारे लोक त्यातूनच येतात.

पुढच्या कादंबरीसाठी वेळ कसा राखायचा, हा सर्वांत कठीण प्रश्न आहे. पूर्वतयारी आणि चित्रीकरण या काळात कादंबरी लिहिणे जवळजवळ अशक्य असते, आणि तसा हट्ट धरला तर दोन्ही कामे बिघडतात. पण संकलन आणि ध्वनी यांच्या काळात निर्मात्याच्या हाताला रोज काम नसते. त्या काळात सकाळचे तास लेखनासाठी बांधून घ्यावेत आणि संकलकाच्या खोलीत दुपारनंतर जावे. निर्मितीच्या धावपळीत सुचलेल्या गोष्टींसाठी वेगळी वही ठेवावी, तीत अंदाजपत्रकाचा एकही आकडा लिहू नये. एक चित्रपट प्रदर्शित झाल्यावर दुसरा लगेच सुरू करण्याचा मोह होतो, विशेषतः पहिला चालला असेल तर. अशा वेळी मधले एक वर्ष कादंबरीला द्यावे आणि त्या वर्षापुरता संस्थेचा खर्च भागेल एवढी रक्कम पहिल्या चित्रपटाच्या उत्पन्नातून बाजूला ठेवावी.

त्या वर्षात एक काम मात्र नियमाने करावे. उपग्रह आणि ओटीटी हक्क बहुधा काही वर्षांसाठीच दिलेले असतात. त्यांची मुदत कधी संपते, याची तारीखवार यादी करारांच्या फाइलमध्ये लावून ठेवावी आणि प्रत्येक मुदतीच्या सहा महिने आधी नव्या करारासाठी बोलणी सुरू करावीत. मूळ चित्रफितीच्या हार्ड डिस्कच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि वर्षातून एकदा त्या उघडून तपासाव्यात, कारण हक्क परत आले तरी देण्यासाठी चित्रपटाची चांगली प्रत हाताशी असावी लागते.